स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलदाब : निदान आणि दुरुस्ती

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एक अट घातली. वसतिगृहाच्या आठवणी अनेकांनी लिहून दिल्या आहेत. तुम्ही आपल्या कामातील एखादा धडा लिहा, तो पालकांनाही समजला पाहिजे आणि आयटीआयला गेलेल्या आपल्या मुलांच्याही उपयोगी पडला पाहिजे. अट रास्त होती. गेली २२ वर्षे मी मोटारींच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची कामे करीत आहे. त्यांपैकी पहिली ९ वर्षे शारजात गेली. या कामात ग्राहकाचे सर्वांत अधिक पैसे कशात वाया जात असतील, तर ते तेलाच्या दाबाचे निदान चुकल्यामुळे. म्हणून तोच विषय घेतला आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. क्लचचे पेडल नसलेली प्रत्येक गाडी एकाच जातीची नसते. आपल्याकडे २०१४ नंतर लहान गाड्यांत जी एएमटी पद्धत आली, तिच्यात गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर पाडण्याचे काम तेवढे यंत्र करते. प्रस्तुत लेख टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या खऱ्या स्वयंचलित गिअरबॉक्सविषयी आहे. त्यातही उदाहरण म्हणून मी जनरल मोटर्सचा ‘४एल६०-ई’ हा चार गतींचा गिअरबॉक्स घेतो. तो १९९३ पासून अमेरिकी गाड्यांत बसू लागला. शेवरले टाहो, जीएमसी युकॉन अशा गाड्यांमुळे आखाती देशांत तो घरोघरी पोहोचला. भारतात तो क्वचितच दिसेल. परंतु त्याची रचना इतकी स्पष्ट आहे की त्यावर हात बसला की पुढचे सहा किंवा आठ गतींचे गिअरबॉक्स समजण्यास अडचण पडत नाही.

या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलण्यासाठी दात सरकत नाहीत. ते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. कोणता भाग फिरू द्यायचा आणि कोणता धरून ठेवायचा, हे क्लचच्या प्लेटा आणि एक पट्टा ठरवतो. आणि त्या प्लेटा आवळण्याचे काम तेल करते. शाळेत पास्कलचा नियम शिकताना आपण दोन पिचकाऱ्यांचा प्रयोग केला होता, तोच हा नियम. समजा क्लचच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर आहे. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो असेल तर प्लेटा २४० किलोच्या जोराने आवळल्या जातील. १२ किलो असेल तर ७२० किलोच्या. गाडी सपाट रस्त्यावर रमतगमत चालली असता पहिला जोर पुरतो. पाच माणसे घेऊन घाट चढताना तेवढ्याच जोरावर प्लेटा घसरतील, तापतील आणि जळतील. उलट रमतगमत चालताना दुसरा जोर लावला तर प्रत्येक गिअरला गाडी धक्का देईल. तेव्हा दाब किती असावा याचे एकच उत्तर नाही. तो इंजिनाच्या ओढीप्रमाणे क्षणोक्षणी बदलला पाहिजे. हा बदल घडवून आणणाऱ्या साखळीत कोठेतरी बिघाड झाला की गाडी गॅरेजात येते.

ही साखळी अशी. इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेल ढकलतो. दाबनियामक व्हॉल्व्ह त्या तेलाला मर्यादेत ठेवतो. त्याच्या एका टोकाला स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या मदतीला बूस्ट व्हॉल्व्ह. बूस्ट व्हॉल्व्हला मागून जेवढे तेल रेटेल तेवढा मुख्य दाब वाढतो. हे रेटणारे तेल सोडणारा दरवान म्हणजे दाब-नियंत्रण सोलेनॉइड. त्याला संगणकाकडून सेकंदाला सुमारे २९२ स्पंदनांच्या हप्त्यांनी वीज मिळते. संगणक ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, इंजिन किती ओढते आहे, हे पाहतो आणि सोलेनॉइडमधून किती अँपिअर सोडायचे ते ठरवतो.

येथे एक गोष्ट नवशिक्यास उलटी वाटते. या सोलेनॉइडमध्ये वीज वाढली की दाब कमी होतो, आणि वीज पूर्ण बंद झाली की दाब सर्वाधिक होतो. रचनाकारांनी हे हेतुपुरस्सर केले आहे. रस्त्यात तार तुटली तर दाब शून्य होऊन प्लेटा जळण्यापेक्षा दाब पूर्ण चढावा, गाडीने धक्के द्यावेत, पण माणसे घरी पोहोचावीत, हा त्यामागील विचार आहे. म्हणून गिअर बदलताना बसणारा प्रत्येक धक्का हा गिअरबॉक्सचा आजार असतोच असे नाही. पुष्कळदा तो गिअरबॉक्सने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला पवित्रा असतो. मला हे कळले, पण दुसऱ्याच्या खर्चाने.

शारजात मला दोन वर्षे झाली होती. एका सुदानी शिक्षकांची टाहो आली. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना असा धक्का बसे की मागे बसलेली त्यांची मुले पुढच्या सीटवर आपटत. स्कॅनर लावला, पी ०७४८ हा कोड मिळाला. पुस्तकात त्याचा अर्थ दाब-नियंत्रण सोलेनॉइडचा विद्युत दोष असा दिला आहे. मी सोलेनॉइड बदलला. गाडी सुरळीत चालली. चौथ्या दिवशी ती परत आली. तोच धक्का, तोच कोड. माझा समज झाला की नवा सोलेनॉइडच नकली निघाला. दुसरा आणून बसवला. सहाव्या दिवशी गाडी पुन्हा दारात. तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की आता दोष आतमध्ये आहे, गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागेल. आणि खर्चाचा कागद लिहून त्यांच्या हाती दिला. तो आकडा त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि शांतपणे विचारले, “आतील दोष आपण पाहिला आहे, की आपणास तसे वाटते?”

मी उत्तर दिले नाही. आमचे फोरमन केरळचे होते, वयाने वडील. त्यांनी मला बाजूस घेतले, मल्टिमीटर दिला आणि इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हाताने हळूहळू हलवत जाण्यास सांगितले. एका ठिकाणी जुडगा हलताच सोलेनॉइडची वीज शून्यावर गेली. पूर्वी केव्हातरी कोणी गिअरबॉक्स उतरवून बसवताना वायरिंगची क्लिप लावावयाची राहिली होती; जुडगा लोखंडी ब्रॅकेटवर टेकला होता, आणि इंजिनाच्या थरथरीने तारेवरील आवरण घासून तांबे उघडे पडले होते. गाडी जागच्या जागी उभी असता सर्व ठीक दिसे. रस्त्यावर इंजिन हलले की तार ब्रॅकेटला चिकटे. संगणक मागितलेली वीज आणि प्रत्यक्ष वाहणारी वीज यांची सतत तुलना करतो. त्याला तफावत दिसे, तो सोलेनॉइडची वीज बंद करी आणि दाब पूर्ण चढे. प्रत्येक वेळी सोलेनॉइड बदलताना माझ्याच हाताने जुडगा थोडा सरके आणि चार दिवस बरे जात. तार सांधून, वर आवरण चढवून, क्लिप लावण्यास अर्धा तास लागला. दोन्ही सोलेनॉइडचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले, आणि ते योग्यच झाले.

आपल्या वसतिगृहात वंदनेनंतर भन्ते कालामसुत्त समजावून सांगत असत. केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी काय सांगितले, हे आपण सर्वांनी पाठ केले आहे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावर स्वीकारू नये, हे मुलांच्या ध्यानात राहते. परंतु त्या यादीत केवळ तर्काला पटते म्हणून स्वीकारू नये असेही आहे, त्याकडे माझे तरी कधी लक्ष गेले नव्हते. माझा तर्क अगदी सरळ होता : कोड सोलेनॉइडचा आहे, सोलेनॉइड दोनदा बदलला, दोष गेला नाही, म्हणून दोष आत आहे. फक्त मी काहीच मोजले नव्हते.

आता मोजण्याविषयी.

प्रथम तेल. या गिअरबॉक्सला तेलपट्टी आहे. इंजिन चालू, गाडी सपाट जागी पार्कमध्ये आणि तेल पूर्ण गरम असताना पातळी पाहावी. आजच्या बऱ्याच गाड्यांत पट्टीच नसते; तेलाचे तापमान स्कॅनरवर पाहून, निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाला खालचा बूच उघडून पातळी ठरवावी लागते. गाडी थंड असताना अंदाजाने तेल ओतणाऱ्यांनी किती गिअरबॉक्स बिघडवले असतील, याची गणती नाही. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि दाबाचा काटा थरथरतो. जास्त असेल तर फिरते भाग तेल घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच होतो. तेलाचा वासही घ्यावा. जळकट वास आणि काळपट रंग म्हणजे प्लेटा घसरून गेल्या आहेत. मग दाब सुधारला तरी प्लेटा परत येणार नाहीत, हे ग्राहकाला त्याच वेळी सांगावे.

नंतर कोड. पी ०७४५ ते पी ०७४८ ही दाब-नियंत्रण सोलेनॉइड ‘ए’ ची मालिका आहे. पी ०९६० ते पी ०९६३ त्याच्याच विद्युत मंडलाची. यांतील भेद महत्त्वाचा आहे. पी ०७४८ किंवा पी ०९६२ म्हणतो की विजेत गडबड आहे : तार, जोडणी, गुंडाळी किंवा संगणक. पी ०७४६ म्हणतो की वीज गेली, पण अपेक्षित परिणाम दिसला नाही : येथे तेल, व्हॉल्व्ह, जाळी, पंप यांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतो. कोड म्हणजे तक्रारदाराचा जबाब. त्यात घटना कोठे घडली ते असते. कोणी केली ते नसते.

वीज तपासणे सोपे आहे आणि त्यासाठी काहीही उघडावे लागत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूला २० पिनांचा कनेक्टर आहे. तो काढून गिअरबॉक्सच्या बाजूने ‘सी’ आणि ‘डी’ या दोन पिनांमध्ये रोध मोजावा. २० अंश सेल्सिअसला तो ३.५ ते ४.६ ओहम असावा. येथे तापमानाची नोंद केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. थंड असताना ४ ओहम दाखवणारी गुंडाळी १०० अंशांवर सव्वापाच ओहम दाखवील आणि तरीही ती निर्दोष असेल. दुसरे असे की एका गाडीचा आकडा दुसऱ्या गाडीला लावू नये. टोयोटाच्या अनेक गिअरबॉक्सांत दाबाचा सोलेनॉइड ५.० ते ५.६ ओहमचा असतो आणि गिअर बदलणारा साधा सोलेनॉइड ११ ते १५ ओहमचा. ज्याला हे ठाऊक नाही तो चांगला भाग कचऱ्यात टाकतो. रोध मोजून झाला की प्रत्येक पिन आणि गिअरबॉक्सचे कवच यांच्यामध्येही मीटर लावावा. तेथे जोड दिसता कामा नये. आणि जुडगा हलवण्यास विसरू नये, हे मी वेगळे सांगावयास नको.

वीज निर्दोष ठरली की मगच दाब. कवचाच्या डाव्या अंगाला, गिअर बदलणाऱ्या दांडीजवळ, एक लहान बूच आहे. तो काढून ४०० पीएसआयपर्यंत मोजणारा गेज जोडावा. ज्यांना पीएसआय हे एकक अपरिचित आहे त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मोटारीच्या चाकात साधारण ३२ पीएसआय हवा असते. गेजची नळी तापलेल्या सायलेन्सरपासून दूर बांधावी. गरम तेलाची पिचकारी तोंडावर घेतलेला एक सहकारी मी पाहिला आहे. हातब्रेक लावून, चाकांना अडणी देऊन, गाडी पार्कमध्ये ठेवावी. इंजिन सुमारे १००० फेऱ्यांवर ठेवून स्कॅनरवरून सोलेनॉइडची वीज पायरीपायरीने वाढवावी आणि प्रत्येक पायरीवर काटा स्थिर झाला की आकडा लिहावा. वीज जवळजवळ शून्य असता १७० ते १९० पीएसआय, अर्ध्या अँपिअरला १४० ते १६०, ०.७ ला ११० ते १३०, ०.९ ला ६५ ते ९०, आणि एका अँपिअरच्या जवळ ५५ ते ६५, असा उतार मिळाला पाहिजे. तो आलेखाच्या कागदावर काढावा. शाळेत आपण आलेख काढताना कंटाळलो. माझ्या धंद्यात अधिक मिळकत देणारी रेषा दुसरी नाही.

रेषा योग्य उतरत असेल, प्रत्यक्ष वीजही मागितल्याइतकी असेल, आणि तरीही गाडी धक्का देत असेल, तर दाबाची साखळी निर्दोष आहे. धक्का मऊ करणारे ॲक्युम्युलेटर, त्यांच्या स्प्रिंगा, तुटलेला पिस्टन, असा शोध वळवावा. सोलेनॉइडला हात लावू नये.

वीज बदलत आहे पण काटा वरच अडकून आहे, असे दिसल्यास सोलेनॉइड आतून चिकटला आहे किंवा बूस्ट व्हॉल्व्ह त्याच्या बाहीत रुतला आहे. धातूचा बारीक कण एवढा अनर्थ करू शकतो.

सर्वांत कठीण प्रसंग तिसरा : सगळी रेषाच खाली सरकलेली. शून्य विजेला १८० ऐवजी १२० च मिळतात. येथे घाई करणारा मिस्त्री पंप बदलतो. त्याआधी एक सोपी चाचणी आहे. पायाचा ब्रेक घट्ट दाबून काही क्षण रिव्हर्समध्ये टाकावे. रिव्हर्समध्ये तेलाची एक स्वतंत्र वाट थेट बूस्ट व्हॉल्व्हला रेटते. तिला सोलेनॉइडची गरज नसते. त्यामुळे रिव्हर्समध्ये काटा जोमाने वर गेला, तर पंपाच्या अंगात ताकद आहे, हे सिद्ध झाले. दुबळी आहे ती सोलेनॉइडकडून येणारी वाट. त्या वाटेवर सोलेनॉइडची बारीक जाळी तुंबलेली असते, किंवा सोलेनॉइडला तेल पुरवणाऱ्या व्हॉल्व्हचे भोक झिजून तेल गळत असते. रिव्हर्समध्येही काटा मेलेला असेल, तर तुंबलेला फिल्टर, त्याच्या मानेवरील फाटलेले सील, बूस्ट व्हॉल्व्हची झिजलेली बाही आणि सरतेशेवटी पंप, या क्रमाने जावे. हा क्रम खर्चाचाही आहे. स्वस्त आधी, महाग नंतर.

थंड असताना योग्य आणि तापल्यावर ढासळणारा दाब मात्र बहुधा झिजेचाच असतो. थंड तेल घट्ट असते, झिजलेल्या फटीतून गळत नाही. तापून पातळ झाले की गळते. म्हणून चाचणी नेहमी दोनदा करावी. सकाळी थंड गाडी पाहून ‘काही दोष नाही’ म्हणून ग्राहकाला परत पाठवणे, हा आमच्या व्यवसायातील जुना अन्याय आहे. दुपारी भर उन्हात गाडी घसरू लागते तेव्हा तो माणूस एकटा असतो.

दुरुस्तीविषयी आता थोडक्यात, कारण निदान बरोबर असेल तर हात आपोआप योग्य जागी जातात. ऑइल पॅन उतरवल्यावर प्रथम चुंबक पाहावा. त्यावर काळसर, मऊ, बारीक लेप असणे स्वाभाविक आहे. चमकणारे तुकडे किंवा प्लेटांच्या अस्तराचे पापुद्रे दिसले तर थांबावे. नवा सोलेनॉइड त्या घाणीत बसवला तर महिन्याभरात त्याचीही जाळी तुंबेल. व्हॉल्व्ह बॉडी उतरवताना तिच्याखालील लहान गोळ्या घरंगळतात. उतरवण्यापूर्वी आणि नंतर त्यांच्या जागांची छायाचित्रे घ्यावीत. पुसण्यासाठी सुती चिंधी वापरू नये, तिचा एक धागा व्हॉल्व्ह अडवण्यास पुरेसा होतो. सोलेनॉइडच्या टोकाला एक स्क्रू दिसतो. तो कारखान्यात मोजून बसवलेला असतो. दाब ‘ॲडजस्ट’ करण्यासाठी तो पिळणाऱ्या उस्तादांचा सल्ला ऐकू नये. झिजलेल्या भोकाला नवा व्हॉल्व्ह घालून उपयोग नाही, कारण झीज मऊ ॲल्युमिनियमच्या भिंतीची असते. भोक मापाने रीम करून त्यात बाही बसवावी, अथवा ती व्हॉल्व्ह बॉडीच बदलावी. परत बसवताना बोल्ट अवघ्या ११ न्यूटन-मीटरने आवळावेत. ताकदीने आवळल्यास ॲल्युमिनियम वाकते, व्हॉल्व्ह त्याच्या भोकात अडतो आणि आपण नवा आजार देऊन बसतो.

तेल निर्मात्याने सांगितलेलेच घालावे. या गिअरबॉक्सला पूर्वी डेक्सरॉन-३ चालत असे. २००६ पासून कंपनीने डेक्सरॉन-६ आणले. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे डब्यावर लिहिलेले असले तरी मी ते घेत नाही.

शेवटी एक गोष्ट राहते, आणि तिच्यामुळे चांगली दुरुस्ती वाया गेल्याचे मी पाहिले आहे. संगणकाला स्मरण असते. दाब कमी पडत होता त्या महिन्यांत प्लेटा घसरतात हे त्याने ओळखले आणि हळूहळू दाब वाढवून घेतला. दुरुस्तीनंतर दाब पूर्ववत झाला, तरी तो जुन्या सवयीने वाढीव मागणी करीत राहतो, आणि गाडी धक्के देते. मिस्त्री घाबरतो, ग्राहक रागावतो, गिअरबॉक्स पुन्हा उतरतो. तसे करू नये. स्कॅनरने जुनी शिकवण पुसावी, तेल गरम होऊ द्यावे, आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवून सर्व गिअर अनेकदा बदलले जातील अशा रस्त्यावर गाडी चालवावी. थोड्या वेळात ती नव्याने शिकते. परत आल्यावर गेज काढून बूच लावावा, आणि दुसऱ्या दिवशी बुचाखालील जमीन कोरडी आहे ना, ते पाहावे.

शाळेच्या विज्ञान कक्षासाठी मी एक जुनी व्हॉल्व्ह बॉडी मध्यभागी कापून पाठवली आहे. तिच्यातील एक भोक झिजलेले आहे. बोट फिरवून ते कळत नाही. व्हॉल्व्ह आत सरकवून वरून थोडे रॉकेल ओतले की ते कोठून झिरपते ते दिसते. मुलांनी चारही भोकांना ही चाचणी करावी आणि कोणते ते शोधावे. उत्तर शिक्षकांपाशी बंद लिफाफ्यात ठेवले आहे.